ओल्या गाद्या आणि सासूबाई

तीर्थरूप मामांस भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे धरल्यामुळे उभ्यानेच केला आहे, तरी साष्टांगच समजावा.) आपला खोकला कसा आहे? मामींची पाठ? आमच्याकडे सगळे खुशाल, फक्त भिंती आजारी आहेत.

म्हणजे असं, की इमारतीत ओल इतकी वाढली की कपाटातल्या चपलांना बुरशीची लव फुटली आणि छताचा पोपडा थेट ह्यांच्या ताटात पडला. (ह्यांनी चष्मा लावला नव्हता, त्यामुळे पुढचं लिहीत नाही.) मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले की तुम्ही लोक स्वयंपाक करताना फार वाफ करता. खालच्या नर्सबाईंचं तान्हं बाळ श्वास घेताना घरघरायला लागलं होतं. ते कुठला स्वयंपाक करतं, असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी आम्ही सगळे बिऱ्हाडकरू एक झालो.

ठरलं असं, की मालकांना आमच्याच घरी बोलावून भिंत दाखवायची. पण पाहुणा येणार म्हटल्यावर सासूबाईंना राहवेना. चारचौघांत अब्रू जायला नको म्हणून त्यांनी आदल्या दिवशी ह्यांना शिडीवर चढवून अख्खी भिंत रंगवून घेतली. मालक आले, घर छान ठेवलंय म्हणाले, चहा पिऊन गेले. जिन्यात जमलेल्या मंडळींना मी काय तोंड दाखवणार? रंग दोनच दिवसांत फुगून गळून पडला, पण मालक काही परत फिरकले नाहीत.

सासूबाईंनी गळलेल्या रंगाचे पोपडे सुपलीत भरले. मग म्हणाल्या, "तो भिंतीपाशी येत नाही ना? मग ओल त्याच्या दारात नेऊ."

मालकांचं दुकान गाद्यांचं. रविवारी ऐन गिऱ्हाइकीच्या वेळेला आम्ही घरोघरच्या ओल्या गाद्या दुकानासमोर उन्हात पसरल्या आणि वर बसून राहिलो. (वरच्या मजल्यावरचे बँडवाले काका जिन्याच्या वळणावर स्वतःच्याच गादीखाली अडकले, त्यांना शेवटी गादीसकट आणलं.) घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. नुसता वास. मालक बाहेर येऊन म्हणाले, उठा, गिऱ्हाइकं परत चालली आहेत.

नर्सबाईंनी मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं केलं. "इथे त्याचा श्वास मोकळा चालतो," त्या म्हणाल्या. "घर कोरडं करा, मग उठतो."

मामा, मी तर उठायलाच निघाले होते. पण एकही माणूस हललं नाही आणि सासूबाईंनी माझा हात सोडला नाही. उन्हं कलली तेव्हा मालक स्वतः गवंड्याला घेऊन आले. गच्चीतला फुटका पाइप बदलला, आता भिंती खरवडणं चाललंय. घरभर धूळ आहे, पण कोरडी आहे.

मुलांना आशीर्वाद.

आपली भाची

ता. क. मुख्य काम राहिलंच. आपल्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या बाई आमच्या नर्सबाईंच्या इस्पितळात कामाला आहेत. त्यांचं छत गळतं आणि आपण "बघू" म्हणालात, असं कळलं. तेवढं बघावं.

आणखी ता. क. येत्या रविवारी त्यांच्या गाद्या बाहेर काढायला सासूबाई निघाल्या आहेत, सोबत मीही. मामींनी आमच्यासाठी काही करत बसू नये. आम्ही आपल्या दाराबाहेरच बसू.