निळाच राहिलेला साबण

गोटलंड,
बुधवार, २८ एप्रिल १९९९

प्रिय इल्वा,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आधी पाकीट टेबलावर ठेवलं, कॉफी केली, मग फोडलं. मुलगी झाली, नाव तुवा, नऊ मेला बाप्तिस्मा, आणि खाली एकच ओळ: 'आपल्या घरचा जांभळा साबण पाठवशील का?' बोलावणं नव्हतं. नसू दे. साबण मागितलास, मला तेवढं पुष्कळ झालं.

नशीब, मार्चमध्येच एक घाणा घातला होता. सोबत सहा वड्या पाठवतेय. मंजिष्ठेच्या गुलाबी वड्याही होत्या, पण तो रंग तुला कधीच आवडला नाही. बीट घालायचा तू हट्ट धरायचीस, आठवतं? साबणाच्या कॉस्टिक सोड्यात पडलं की त्या लाल रंगाचा चिखल व्हायचा आणि तू भोकाड पसरायचीस. बाजारच्या रंगांच्या डब्या मी अजून घरात येऊ देत नाही. शेवटी आपली रतनजोत खरी. मुळ्या सहा आठवडे ऑलिव्हच्या तेलात भिजवल्या. तेल लालभडक होतं, सोड्याचं पाणी पडलं की निळं-करडं पडतं, आणि वड्या सुकता सुकता जांभळ्या होतात. नवशिके साबण जिभेला लावून बघतात, सोडा शिल्लक असला तर चटका बसतो म्हणून. मी चाळीस वर्षांत जीभ लावली नाही. जांभळा झाला की साबण झाला.

बाप्तिस्म्यापर्यंत थांबू नकोस. पार्सल मिळाल्या दिवसापासून तुवाला याच साबणाने अंघोळ घाल. कातडी लोण्यासारखी राहते.

मी ठणठणीत आहे. अक्षर ओळीबाहेर गेलं असेल तर दोष पेनाला दे. शेजारचा बिर्गर मेंढ्या सोडून रोज माझी कॉफी संपवायला येतो आणि दवाखान्याचा विषय काढतो. रिकामटेकडा आहे, दुसरं काय.

तुझं मनगट थंडीत अजून दुखतं का? लहानपणी फार अवखळ होतीस तू.

बाळाला पापा.

तुझी,
आई


गोटलंड,
गुरुवार, ६ मे १९९९, दुपार

इल्वा,

तुवाला त्या साबणाने अंघोळ घालू नकोस. कातडी लाल झाली असेल तर आधी नळाखाली धर, कोमट पाण्याने धू, पुष्कळ वेळ धू. व्हिनेगर लावू नकोस. मग दवाखान्यात ने आणि सांग, साबणात सोडा जास्त पडला आहे. सहाही वड्या कोणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणी टाक. हे सगळं झाल्यावर पुढचं वाच.

पत्र बिर्गरच्या हाती देतेय. नंबर तू बदललास, टेलिफोन चौकशीतही तुझं नाव सापडत नाही, कार्डावर फक्त उप्सलाचा पत्ता. तो संध्याकाळच्या बोटीने निघेल आणि उद्या सकाळी तुझ्या दारात असेल. मेंढ्या व्यायचे दिवस आहेत, तरी निघालाय.

सकाळी तो नेहमीसारखा आला. त्याच घाण्यातली एक वडी मी फळीवर ठेवून घेतली होती. ती उचलून म्हणाला, "हे काय गं, यंदा निळा साबण?"

"जांभळा आहे तो. मेंढ्यांत राहून डोळे गेले तुझे."

"माझे गेले? अगं म्हातारे, माझ्या बोटीवरच्या डगल्यासारखा निळा आहे हा. चल बाहेर, उन्हात बघ."

अंगणात मी वडी डोळ्यांशी धरली, लांब धरली. इल्वा, मला निळा दिसला नाही आणि जांभळाही दिसला नाही. मळकट काहीतरी दिसलं. महिनाभर मी तेच मळकट बघत होते आणि मनानेच त्याला जांभळं म्हणत होते. सोडा शिल्लक राहिला की रतनजोत निळीच राहते, हे मीच सगळ्यांना शिकवत आले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा जीभ लावली. असा चटका बसला की वडी हातातून पडली.

मार्चात सोड्याचा नवा किलोचा डबा फोडला होता. त्यातून तेवढा एकच घाणा झाला. उरलेला सोडा काट्यावर ओतला आणि बिर्गरला वाचायला सांगितलं.

"आठशे बारा."

"नीट वाच."

"आठशे बारा, गुनवोर. किती घालायचा होता?"

"एकशे अडतीस."

म्हणजे मी एकशे अठ्ठ्याऐंशी घातला होता. काट्यावरचे तीन आणि आठ मला हिवाळ्यापासून सारखेच दिसतात.

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरचं पत्र नोव्हेंबरपासून खणात पडलंय. कोणाला सांगितलं नाही. कळलं असतं तर सगळे म्हणाले असते, बंद कर ती साबणाची खोली. मग तुला पाठवायला माझ्याकडे उरलं काय असतं? म्हणून गप्प बसले. आणि तुझं कार्ड आल्यावर तर मी कोणाचंच ऐकलं नसतं.

मला भीती वाटते, इल्वा. 'थांबू नकोस' हे मीच लिहिलं. पार्सल शुक्रवारी पोचलं असेल, म्हणजे आजवर सात अंघोळी. मी मोजते, थांबते, पुन्हा मोजते. सकाळपासून हात धुतेय, नुसत्या पाण्याने, उगाचच.

बिर्गर बूट घालून दारात उभा आहे. "लिही लवकर, बोट काय तुझ्या बापाची आहे?" म्हणतोय. पण एक गोष्ट आज लिहिली नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

तू सहा वर्षांची होतीस. पोरगी अवखळ, ओट्यावर चढली आणि भांडं अंगावर ओढून घेतलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही सांगितलं, इतक्यांदा की तुलाच खरं वाटायला लागलं. तू कुठेही चढली नव्हतीस. सोड्याच्या पाण्याचं भांडं मी गार करायला खालच्या खिडकीत ठेवलं होतं, तुझ्या बाहुल्यांशेजारी, आणि कॉफी प्यायला गेले होते. तू ओरडलीस तेव्हा घाबरून मनगटावर व्हिनेगर ओतलं. पाणी ओतायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी तू मला तोंडावर विचारलंस, तेव्हाही मी तेच खोटं बोलले. तू उठून गेलीस, ते बरोबरच केलंस.

तेव्हा भांडं ठेवलं आणि दोष तुला दिला. आता साबण पाठवला, तर निदान तू विचारण्याआधी मी सांगितलं, एवढंच माझ्या पदरात आहे. तेही वेळेवर पोचलं असेल तर.

बिर्गर तिकडून मला फोन करेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त तुवाचे हात त्याला दाखव. त्याला रंग ओळखता येतात. मी फोनपाशी बसलेय.

खिडकीत भांडं ठेवणारी,
तुझी आई