रुमालाखालचे सोळा

बाबा,

काल रविवार होता. पोरगी हैदराबादहून आली आहे आणि तिला तिच्या लॅपटॉपवर एक नवा गेम टाकायचा आहे. त्यात म्हणे अख्खं शहर आहे, आणि पाऊस पडून गेला की ओल्या रस्त्यावर दुकानांचे दिवे दिसतात. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “पप्पा, इथं कमीत कमी सोळा मेमरी लिहिलीय. माझ्यात सोळाच आहे. भागेल ना?” मी विचारही न करता म्हणालो, “बत्तीस कर. लिहिलेलं असतं ते गेम सुरू होण्यापुरतं. सुरळीत चालायला दुप्पट लागते. मशीनला स्वतःलाही बसायला जागा हवी की.” ती हसली. “तुम्हाला काय माहीत गेममधलं?” मी म्हणालो, ऑफिसात ऐकलं. ते खरं नव्हतं. तेव्हा एमबी होते, आता जीबी आहेत, म्हणजे हजारपट. पण आकडे तेच राहिले, सोळा आणि बत्तीस. त्यातला सोळा मी एकदा तुमच्या हातात दिला होता. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, तरी तो आकडा ऐकला की माझी बोटं आपोआप मिटतात. म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्ही तेलंगणातल्या भैंशाच्या जिनिंग मिलमध्ये कापूस पारखायचात असं सांगितलं की लोकांना वाटतं, तुम्ही कापसाकडे बघत असाल. तुम्ही बघायचाच नाहीत. गाडी फाटकातून आत आली की गाडीवाला वरचा पांढराशुभ्र कापूस दाखवायला लागायचा, आणि तुम्ही भलतीकडेच बघत, बाही वर सारून, गाडीच्या कुशीतून कोपरापर्यंत हात आत खुपसायचात. आतून आलेल्या मुठीतला धागा दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, मग ती मूठ नुसती दाबायची, आणि म्हणायचं, “पाणी मारलं, भाऊ.” तो देवाची शपथ घ्यायचा. “शपथ कोरडी हाये. कापूस ओला हाये,” एवढं बोलून तुम्ही पुढच्या गाडीकडे. तुमच्या तळहाताला ओल कळते हे साऱ्या यार्डाला माहीत होतं. तुम्ही एकदा बोललात की मुनीम दुसऱ्यांदा विचारत नसे.

घरीही तुम्ही वरचं काही खरं मानत नव्हता. आईने आणलेल्या वांग्यांतलं खालचं वांगं आधी काढून बघायचात, पाहुण्याच्या गोड बोलण्यामागे काय आहे ते तो गेल्यावर सांगायचात. फक्त एका ठिकाणी तुम्ही संशय घेत नव्हता, आणि ते म्हणजे रुमालाखाली. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात, ती रीत तुम्ही घरात आणली होती. चार माणसं बसलेली असली आणि मला मार्क विचारायचे असले की तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या दोघांच्या हातांवर टाकायचात. आधी दशकाची बोटं दाबायची, मग एककाची. पाचाच्या वर असेल तर पूर्ण पंजा आणि वर उरलेली बोटं. गणितात नापास झालो त्या वर्षीही मी खरा आकडा दाबला होता आणि तुम्ही पाहुण्यांसमोर चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं. “तोंडानं मानूस काई बी बोलते, हातानं नाही,” हे तुम्ही मला एकदाच म्हणाला होतात.

माझं कॉलेज संपलं आणि लग्नपत्रिका, अर्ज, हँडबिलं मराठीत आणि तेलुगूत टाइप करून देता येतील म्हणून तुम्ही कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलंत. बसस्टँडजवळ टीव्ही दुरुस्त करणारा एक जण होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. हैदराबादहून सुटे भाग आणून तो कॉम्प्युटर जोडायचा. सगळं गाव त्याला इंजनेर म्हणायचं, आधी चेष्टेने आणि मग खरोखरच. आपण दुकानात गेलो तो दिवस मला अजून दिसतो. तो तुम्हाला स्टूल पुढे करतो आहे, म्हणतो आहे, “काका, बसा, तुमाले विमान दाखवतो.” पडद्यावर विमान धावपट्टी सोडतं, खाली शेतं, नदी, वर ढग. तुम्ही पुढे वाकता. “हे ढग कोन्या जातीचे रे? धागा आखूड दिसून राह्यला.” इंजनेर म्हणतो, “काका, तुमी इथं बी भाव पाडता का?” तुम्ही मोठ्याने हसता. तो मशीनवर हात ठेवून सांगतो, “सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या हायेत याच्यात. बत्तीस मेमरी. म्हनून विमान अडत नाही.” मी विमान बघत होतो. वाक्य तुम्ही ऐकलंत.

मशीन घरी आलं. इंजनेरने गेम दिला नाही, म्हणाला, कामाचं मशीन आहे. दोन महिने मी पत्रिका केल्या. मग निर्मल गावी कॉलेजच्या एका मित्राकडे मला तोच गेम दिसला, डब्यासकट. डब्यावर लिहिलं होतं, मेमरी सोळा. त्याच्याकडे एक जास्तीचं ग्राफिक्स कार्डही होतं, चित्र चांगलं दिसायला लावतात ते. तो म्हणाला, मेमरीची एक पट्टी दे, कार्ड आणि गेम घेऊन जा. माझा हिशोब सोपा होता: डब्यावर सोळा, आपल्यात बत्तीस, म्हणजे सोळा रिकामीच पडली आहे. तुम्ही जिनिंगला असताना मी मशीन उघडलं, एक पट्टी काढली, आणि कार्ड बसवायला मागच्या बाजूची पत्र्याची एक कपची मोडून काढली. ती एकदा मोडली की परत बसत नाही. हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

गेम सुरू झाला, डब्याने खोटं सांगितलं नव्हतं. पण विमान वळलं की सगळं थांबायचं, मशीनचा लाल दिवा पेटून राहायचा आणि आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायचा. मेमरी पुरेना म्हणून मशीन आपलं सामान हार्ड डिस्कवर ठेवत होतं आणि परत उचलून आणत होतं, हे मला पुढे कळलं. ढग तुकड्या-तुकड्यांनी यायचे. तुम्ही संध्याकाळी मागे खुर्ची टाकून बसायचात. आई आतून ओरडायची, “त्या डब्यात विमानं उडवा बापलेक, अन् दळन मीच आनते!” तुम्ही खुर्ची आणखी पुढे ओढायचात. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, “दुकानात अडत नव्हतं. घरी काऊन अडून राह्यलं?” मी म्हणालो, गेम जड आहे. “दुकानात बी हाच होता,” तुम्ही म्हणालात. मग स्वतःशीच बोलल्यासारखं: “नमुना एक, गाडी दुसरी.” मी तिथेच बोलू शकलो असतो. पण तुमच्या संशयाला वाट सापडली होती, ती माझ्या दारावरून जात नव्हती, आणि मी फक्त बाजूला झालो. मित्राकडे पट्टी परत मागायला गेलो तर तो म्हणाला, दिलं ते दिलं.

तुम्ही इंजनेरला बोलावलंत त्या दिवशी दुपारी मुनीमही आला. जिनिंगच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर घ्यायचे ठरत होते, इंजनेरकडूनच, आणि मुनीमाला तुमचा शब्द हवा होता. मी सकाळीच कार्ड काढून ज्वारीच्या कोठीत खाली दाबून ठेवलं होतं. इंजनेर जमिनीवर मांडी घालून बसतो, स्क्रू काढतो, पत्रा सरकवतो. आत बघतो आणि तसाच राहतो.

“काका, एकच पट्टी हाये.”

“तेच म्हनून राह्यलो मी.”

“नाही काका, मी दोन लावल्या होत्या. बिलावर लिवलं हाये पाहा, बत्तीस.”

“कागदावर सारेच बत्तीस लिवतात,” मुनीम म्हणाला आणि स्वतःच हसला. “का मंग, उंदरानं खाल्ली, इंजनेरसायेब?”

इंजनेर हसला नाही. त्याने मशीन फिरवलं. मोडलेल्या कपचीच्या जागी जे भोक होतं, त्यात त्याने बोट घातलं. “हे कोनं काढलं?” असं तो विचारत होता ते मशीनला, पण बघत होता माझ्याकडे. तुम्हीही ते भोक बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. आणि खांद्यावरचा रुमाल काढलात.

“घरी आला तवा किती होती?” तुम्ही हळूच विचारलंत. रुमालाखाली तुमचा हात उघडा होता, नेहमीसारखा गरम आणि खरखरीत. मी एक बोट दाबलं. मग पूर्ण पंजा, आणि वर एक. सोळा. तुमचा हात तसाच राहिला. गाडीतला कापूस दाबताना राहायचा, तेवढाच वेळ. मग तुम्ही रुमाल झटकून खांद्यावर टाकलात आणि इंजनेरला म्हणालात, “सोळाच होती.”

तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. मला पकडेल, निदान कार्डाबद्दल विचारेल. तो उठला, स्क्रू एकेक करून परत बसवले. “काका, तुमच्या हातावर सारा यार्ड चालते,” तो म्हणाला. “तुमी म्हनता तर सोळाच आसंल. माहीच नजर चुकली.” चौथ्या दिवशी येऊन त्याने एक पट्टी गुपचूप लावून दिली आणि आईने केलेला चहाही घेतला नाही. मुनीमाने जिनिंगचे तीनही कॉम्प्युटर नांदेडहून मागवले. भैंशात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. इंजनेरने वर्षाच्या आत दुकान बंद केलं आणि निजामाबादला गेला.

आता माझा संशय लिहितो. इतकी वर्षं तो मी तुमच्यावर घेत आलो आहे. ज्या दिवशी पट्टी बसली, त्या दिवशी विमान दुकानातल्यासारखं न अडता उडालं. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही दारातूनच म्हणालात, “दळन आनायचं हाये,” आणि डबा उचलून गेलात. तुम्ही आयुष्यात कधी दळण आणलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही त्या खुर्चीवर बसला नाहीत. त्यानंतर रुमालही निघाला नाही. मला नोकरी लागली तेव्हा पगार तुम्ही चारचौघांसमोर मोठ्याने विचारलात. ज्या माणसाला मुठीत ओल कळते, त्याला पोटच्या पोराचा हात कळला नसेल? माझा तळहात घामाने भिजला होता. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे: ओला होता, तुम्हाला कळलं, कळूनही तुम्ही ‘सोळाच होती’ म्हणालात. म्हणजे इंजनेरचं दुकान मी एकट्याने बंद केलं नाही. अर्धं तुम्ही. शेवटच्या दुखण्यात तुम्ही चादरीखालून माझा हात शोधलात, तेव्हाही मला वाटलं की आता विचाराल, आणि मी सलाइनची नळी सरळ करायला उठलो. कदाचित तुम्हाला नुसता हातच हवा असेल.

मी तेव्हाही डायरी लिहायचो. आज सकाळी कपाटावरची पेटी काढून त्या वर्षाची वही शोधली. जेवणात कोणती भाजी होती हेसुद्धा लिहिणारा मी, त्या दिवशी एकच ओळ लिहिली आहे: ‘इंजनेर आला, मशीन उघडलं.’ पुढचं पान कोरं आहे. खोटं लिहायला नको म्हणून कोरं सोडलं असावं. तेवढी काळजी मी वहीची घेतली.

इंजनेर निजामाबादेत आहे, त्याच्या दुकानाची पाटी मी बसमधून दोनदा पाहिली आहे. पत्र त्याला लिहायला हवं, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तो उत्तर देऊ शकतो, म्हणून तुम्हाला लिहिलं. हे पान वहीतच राहील, त्या कोऱ्या पानाच्या जागी. आणि एक गोष्ट लिहायची राहिली, ती लिहिली नाही तर वरचं सगळं खोटं ठरेल. तुमचा हात खांद्यावरच्या रुमालाकडे जाताना मला दिसला होता. मी पारखणाऱ्याचा मुलगा होतो. रुमाल माझ्या हातावर पडायच्या आधी मी तळहात पँटला नीट पुसून घेतला होता. तुम्हाला मिळाला तो हात कोरडा होता.