चिंचेने घासलेल्या सोळा पुंगळ्या

प्रिय अवी,

तू गेल्यावर सगळे म्हणाले, ताई, शोकसभेत तुम्हीच बोला. मी बोलले नाही. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालंय. खरं सांगू? मला तो अधिकारच वाटला नाही. आज लिहिते आहे, कारण आज ग्रॅहमच्या शेडमध्ये कळलं की तुझं पितळ मी वाया घालवलं. ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरेना.

हा तुझा नेमबाजीचा दोस्त ग्रॅहम आठवड्याभरातच येऊन रायफल, बंदुकीची दारू, सगळं नियमाप्रमाणे घेऊन गेला. फ्लॅट बुशच्या तुमच्या गॅरेजमध्ये राहिल्या काडतुसांच्या पन्नास नव्या, रिकाम्या पुंगळ्या. चौतीस तू तयार करून ओळीत उभ्या केल्या होत्यास. सोळा पिशवीत तशाच. तुझ्या मेघनाने पिशवी माझ्यापुढे धरली. "ताई, ह्यांचं काय करू? फेकवत नाहीत हो."

त्या मी न्यू लिनला घरी आणल्या. मी! बंदूक या शब्दावर तासभर आग ओकणारी मी!

नवं पितळ घरात आलं की आई काय करायची? समई असो नाहीतर तांब्या, आधी चिंच आणि मीठ. मीही तेच केलं. सोळाही पुंगळ्या घासल्या, धुतल्या, पंचावर वाळत घातल्या. अशा लखलखल्या म्हणून सांगू! वाटलं, तुझं अर्धवट राहिलेलं काम मी पुरं केलं.

आज त्या ग्रॅहमकडे नेल्या, तर त्याने त्यातली एक उजेडात धरली. मग नाकाशी नेली.

"हे काय लावलंस?"

"चिंच."

"करी करणार होतीस की काय यांची?" तो खो खो हसला आणि एकदम गंभीर झाला. "आंबट आणि मीठ पितळ खातं. चकाकतंय, पण आतून किती कमकुवत झालंय, मला सांगता येणार नाही. सॉरी, ह्या मी वापरू देणार नाही. रायफलला कुणाचातरी गाल टेकलेला असतो."

सोळाच्या सोळा भंगाराच्या डब्यात गेल्या. तो आवाज अजून कानात आहे रे.

मग त्याने स्वतःची एक कोरी पुंगळी काढून मला स्टुलावर बसवलं. बोटाला लागेल न लागेल इतकंच तेल. मग प्रेसमध्ये घालून वाकडं झालेलं तोंड गोल करायचं. व्हर्नियरने लांबी मोजायची, जास्त असेल तर कापायची, कापलेल्या कडेची धार आतून-बाहेरून घासून घालवायची. एकेक, घाई न करता.

तुझी वहीही तिथेच होती. पहिल्याच पानावर तुझं बारीक अक्षर: "नवीन आहे म्हणून तयार आहे असं समजू नये." खाली: "पहिल्या तीन बाद. तेल जास्त, पुंगळीच्या खांद्याला पोचे. चूक माझी." अवी, तू स्वतःच्या चुका लिहून ठेवायचास? मी तर माझी फक्त भाषणं जपून ठेवली!

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातलं ते भाषण आठवतंय? "घरात हत्यार ठेवून त्याला छंद म्हणणाऱ्यांनी आपल्या लेकरांच्या डोळ्यांत बघावं!" सभागृहातल्या सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. आपल्या माणसांत बंदूक फक्त तुझ्याकडे होती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. तू मात्र टाळ्या वाजवल्यास. का रे? भांडायचं होतंस माझ्याशी!

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. "ताई, तू सगळं वाचून येतेस गं, पण बघायला येत नाहीस. एकदा ये ना गॅरेजमध्ये. मग हवं ते बोल." मी म्हटलं, वेळ नाही. पुढच्या तीन शनिवारी तू तेच विचारलंस. चौथा शनिवार तुला मिळाला नाही.

निघताना ग्रॅहम म्हणाला, "तू ती भाषण देणारी बहीण ना? त्याने मला व्हिडिओ दाखवला होता. मराठीतलं मला काय कळणार! विचारलं, काय म्हणतेय? म्हणाला, माझ्यावर तुटून पडलीय. पण बघ, काय बोलते!"

गाडीत बसून किती वेळ रडले, मलाच माहीत नाही.

बंदुकीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. तुझ्यासाठीही ते बदलणार नाही, आणि बदललेलं तुलाही आवडलं नसतं. पण भरल्या सभेत मी माझ्या भावाकडे बोट दाखवलं, तेही त्याच्या दारात पाऊल न टाकता. ते वाक्य मी परत घेणार आहे. घरात बसून नाही, मेघनाच्या कानात नाही. त्याच मंचावरून, त्याच माणसांसमोर, तुझं नाव घेऊन. या वेळी टाळ्या पडणार नाहीत. न पडू देत.

उशिरा आलेली,
तुझी ताई