तीन पावसाळे थांब

सावेडी, अहिल्यानगर
१२ ऑक्टोबर २०२४

चि. आरती हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. मामीचा गुडघा कधी कुरकुरतो, कधी मी कुरकुरतो, दिवस जातो. काल तुझ्या आईचा फोन आला होता. चाळीस वर्षं इंजिनं ऐकून माझे कान गेले, तेव्हा फोन मामीनेच घेतला. ती तिकडे दहा मिनिटं बोलते आणि मला दोन वाक्यं ओरडून सांगते. कालच्या दोनांतलं एक असं, की तू शिकरा बुक केलीस. म्हणून लगेच कागद घेतला. तूही उत्तर पत्रानेच दे, मोबाईलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात.

आरती, ही गाडी मला माहीत आहे. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा नगरच्या शोरूमला मी हेड मेकॅनिक होतो. शिकरा म्हणजे उंच, हलकी, ओढ्यातून न् ढेकळांतून पळणारी मोटारसायकल. माझा तिच्यावर जीव होता. कर्जत-पाथर्डीकडची माणसं मला विचारायची, हनुमंतराव, घ्यावी का? मी म्हणायचो, घ्या. आणि एक दिवस कंपनी बंद पडली. स्पेअर मिळेना. गहिनीनाथ म्हणून एकजण होता, त्याची गाडी एका क्लचप्लेटसाठी कायमची गोठ्यात उभी राहिली. मी त्याच्या गावी गेलो तर त्याने चहा पाजला, गाडीचा विषयसुद्धा काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर कुणालाही कुठलीही गाडी घ्या म्हणून मी सांगितलेलं नाही.

आता तीस वर्षांनी कुणीतरी ते नाव विकत घेऊन नवा कारखाना टाकला आणि टाकीवर तोच शिकरा पक्षी रंगवला. पक्षी रंगवायला काय लागतं? माझं ऐक, तीन पावसाळे थांब. गाडी टिकते का, कंपनी टिकते का, ते लोकांना बघू दे. मग घे.

आईला आशीर्वाद, वडिलांना नमस्कार. मामावरचा लोभ या पत्राने कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
हनुमंतमामा


कर्जत
२० नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
आरतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, दोनदा वाचलं, आणि मामा, रागावू नका, गाडी आली. गेल्या सोमवारी आणली. आईने ओवाळली खरी, पण ओवाळताना तोंड वाकडं होतं.

तुम्ही म्हणता थांब. पण माझं काम थांबत नाही. दूध संघाने मला जनावरांच्या उपचाराला आणि रेतनाला एकवीस वस्त्या दिल्या आहेत. पाठीमागे रेतनाच्या कांड्या ठेवायचा नायट्रोजनचा जड कॅन, पुढे लशींची बर्फाची पेटी, आणि रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. दोन वर्षांत माझी स्कूटर ओढ्याच्या वाळूत किती वेळा रुतली ते मी मोजणं सोडून दिलं. गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीवर पोचेपर्यंत गाय गेली होती. घरातलं कुणी मला काही बोललं नाही. तुम्हाला गहिनीनाथांचा चहा आठवतो, मला ती गाय आठवते.

आता शिकराविषयी. जी वस्ती गाठायला दीड तास लागायचा ती चाळीस मिनिटांवर आली. खडकावरून जाते, बांधावरून जाते, कॅन जागचा हलत नाही. तुम्ही मनात विचारलंच असेल, म्हणून सांगते. हो, बसल्यावर माझे नुसते चवडे टेकतात. थांबायचं असलं की मी आधी दगड शोधते.

शिवरात्रीच्या आधी येईन तेव्हा घेऊनच येते. तुम्ही तपासा, पाहिजे तेवढ्या खोड्या काढा. मामीला नमस्कार. भाचीने ऐकलं नाही तरी माया तेवढीच ठेवा.

तुमची,
आरती


सावेडी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. आरती हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू न जेवता निघून गेलीस. मामीने केलेली पुरणपोळी तशीच राहिली आणि त्याबद्दल तिने मला आज सकाळपर्यंत बोल लावले. ते मला ऐकू आले नाहीत, पण दिसले.

तुला वाटलं, मामाला पहिल्यापासून ही गाडी नकोच होती, म्हणून त्याने काहीतरी शोधून काढलं. खरं सांगतो, मला काही सापडू नये असंच वाटत होतं. तासभर गाडी बघितली आणि मन भरलं. इंजिनावर हात ठेवला तर कंप एकसारखा होता. तुला शाबासकी द्यायला आत येणारच होतो. तेवढ्यात उजव्या फूटरेस्टच्या वर, जिथे पट्टी चेसिसला जोडली आहे, तिथे अंगठ्याच्या नखाला काहीतरी अडकलं. डिझेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडूची पूड चोळली. पाच मिनिटांत पुडीवर ओली रेघ उमटली, केसाएवढी. चीर असली की आत राहिलेलं तेल असं बाहेर येतं.

आज केसाएवढी आहे. तू कॅन घेऊन ओढ्यात उतरशील तेव्हा ती किती होईल हे मला सांगता येणार नाही. म्हणून हात जोडतो, ती चालवू नकोस. मामाचा हट्ट म्हण, काहीही म्हण.

कंपनीला मी आजच रजिस्टर पत्र टाकलं आहे. चित्र काढून जागा दाखवली आहे. उत्तर येईल असं वाटत नाही. जुन्या कंपनीलाही मी सात पत्रं लिहिली होती.

राग गेला की दोन ओळी लिही. तोवर मी पोस्टमनची वाट बघतो.

तुझा,
मामा


कर्जत
४ मार्च २०२५

ती. हनुमंतदादास,
राहीचा नमस्कार.

दादा, मी काय लिवनारी बाई न्हाई, पन आरती लिवत न्हाई म्हनून मीच बसले. चुकलं-माकलं वहिनीकडनं वाचून घे.

पोरगी तुज्याकडनं आली ती फुगूनच. चार दिवस गाडी चालवतच हुती. मी बोलले तर मलाबी बोलली, की मामाला जुनं दुखनं हाय, त्ये माज्या गाडीवर काडतोय. मग शुक्रवारी दुपारी बघते तर ही गाडीपाशी खाली बसल्याली. हातात खडू आन् वाटीत डिझेल. मी दारातनंच बघत हुते. लई येळ तशीच बसली. मग मला हाक मारली आन् म्हनली, आई, रेघ वाढलीय. नखाएवडी वाढली हुती दादा. मलाबी दिसली.

त्याच दिशी तिनं गाडी पत्र्याखाली ढकलली आन् वर ताडपत्री टाकली. आता लाळ्या-खुरकुताच्या लशी चालू हायेत, स्कूटर तर हिच्यासाठी कवाच इकली, म्हनून चालत जाती. बर्फाची पेटी कधी खांद्यावर, कधी डोक्यावर. कुनी दूधवाला भेटला तर त्याच्या मागं बसती. सांच्याला पाय सुजत्यात, मी तेल लावते. तवा एकदा म्हनली, मामाला मी काय तोंड दाखवू.

तिचं ऱ्हाऊ दे, मी सांगते. तुज्या नखानं माजी पोरगी वाचली. कंपनीचं काय व्हायचं त्ये होवो, मी तुजं नाव रोज सकाळी घेते.

वहिनीला सांग, पुरनपोळी मी हितं केली आन् तिला खायला लावली. भनीवर जीव हाय तसाच असू दे.

तुजी,
राही


सावेडी
२ एप्रिल २०२५

चि. आरती हिस,
खूप खूप आशीर्वाद. आधी बातमी, मग बाकीचं.

काल सकाळी फाटकाशी एक शिकरा येऊन उभी राहिली. मला वाटलं तूच. मामीने दार उघडलं तर हेल्मेट काढून एक तरुण उभा. नाव परवेझ, शिकराच्या कारखान्यात इंजिनिअर. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याने खिशातून वही काढली आणि उभ्याउभ्याच पहिली ओळ लिहिली. काका, चूक आमची आहे, तुम्ही ती कशी शोधलीत ते मला दाखवाल का?

आरती, मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि त्याला घरात घेतलं. मामीने पाणी आणलं. आधीची सात पत्रं कुणी उघडली तरी होती का, देव जाणे. या पोराने माझं चित्र घडी घालघालून मऊ केलं होतं.

पाच आठवडे उत्तर का नाही, तेही त्याने लिहून सांगितलं. माझं पत्र पोचल्यावर त्यांनी कारखान्यातल्या दहा चेसिस कापून बघितल्या. दोनांत वेल्डिंग आत उतरलंच नव्हतं, नुसतं वरवर बसलं होतं. मग त्यांनी काम थांबवलं. विकलेल्या सगळ्या पाचशे वीस गाड्या परत बोलावणार आहेत, चेसिस बदलून देणार आहेत. त्याचं म्हणणं असं, की फोनवर हे सांगणं बरं दिसलं नसतं.

मी त्याला डिझेल आणि खडू दाखवला. जमिनीवर मांडी घालून त्याने तीनदा करून बघितलं. पट्टीला खालून एक तिकोनी तुकडा जोडला तर जोर वाटला जाईल, असं मी सुचवलं. त्याने त्याचंही चित्र माझ्याकडून काढून घेतलं.

मग मी एकच मागितलं. माझी भाची डोक्यावर पेटी घेऊन पायी फिरते आहे, तिची सोय बघ. त्याने लिहिलं, उद्या. तो ज्या गाडीवर आला ती तुझ्याकडे ठेवून एसटीने परत जाणार आहे. हे पत्र पोचेपर्यंत तो येऊन गेलेला असेल. त्या गाडीची चेसिस मी स्वतः तपासली आहे, बिनघोर चालव. तुझी गाडी न्यायला त्यांचा टेम्पो येईल.

तुझ्या आईचं पत्र मी जपून ठेवलं आहे. तोंड दाखवायचं म्हणशील तर लवकर दाखव. आठवण काढणारा,

मामा


कर्जत
२० जुलै २०२५

ती. मामांस,
आरतीचा शि. सा. नमस्कार.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण नवी चेसिस ओढ्यातून काढल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी जूनमध्ये परत आली. तुमचा तिकोनी तुकडा दोन्ही बाजूंना आहे. महिन्यातून एकदा मी खडू लावते. पूड कोरडी राहते.

परवा दुपारी, कोरडा ओढा म्हणतात त्याच्या पलीकडच्या वस्तीवरून मुबारकबींचा फोन आला. त्यांचं सगळं घर एका गाईवर चालतं. गाय सकाळपासून अडली होती. ओढा आता कोरडा नव्हता, गुडघ्याच्या वर गढूळ पाणी होतं. काठावर उभी राहिले तेव्हा मला ती जुनी रेघ आठवली. मग तुमचा तिकोनी तुकडा आणि कोरडी राहिलेली पूड आठवली. पहिल्या गिअरमध्ये उतरले. मध्ये मागचं चाक सरकलं, फूटरेस्टवर सगळा भार देऊन उभी राहिले, आणि गाडी वर निघाली.

वासराचा एक पाय आत मागे दुमडलेला होता. अर्धा तास लागला. कालवड झाली, थरथरत उभीही राहिली. मुबारकबींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग बाहेर येऊन चिखलाने माखलेल्या टाकीवरूनही फिरवला.

मामा, फेब्रुवारीत मी तुम्हाला वाटेल ते बोलले. तुम्हाला ऐकू आलं नसेल, पण मला ते रोज ऐकू येतं. माफ करा. त्या चार दिवसांत मला काही झालं असतं तर ही गाय आणि ही कालवडही राहिली नसती. तुमच्या अंगठ्याला नमस्कार सांगा.

मामीला सांगा, पोळीसाठी येते आहे, या वेळी जेवूनच जाईन. माया अशीच असू द्या.

तुमची,
आरती


सावेडी
११ जानेवारी २०२६

चि. आरती हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या आठवड्यात परवेझने मला आणि मामीला कारखाना बघायला नेलं. मामी नवं लुगडं नेसली, जणू लग्नालाच निघालो होतो.

वेल्डिंगच्या ओळीत सगळ्या आयटीआय झालेल्या मुली आहेत. मनकर्णा नावाची एक त्यांची प्रमुख आहे, राहुरीकडची. तिच्या टेबलावर खडूचा डबा होता. प्रत्येक चेसिस पुडीतून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. मला मान द्यायचा म्हणून त्या पाया पडायला लागल्या, तर मी म्हटलं, आधी काम दाखवा. दिवसभर बघितलं. आणखी दोन जागा मला संशयाच्या वाटल्या. मनकर्णाने वाद घातला नाही, लगेच वहीत लिहून घेतल्या. एक जागा बरोबर निघाली. दुसऱ्या जागेत माझीच चूक होती, आणि तेही तिने मला स्पष्ट लिहून दाखवलं. मला ते फार आवडलं.

संध्याकाळी निघताना तिने एक तयार गाडी सुरू केली आणि माझा तळहात इंजिनावर ठेवला. मी बराच वेळ तसाच उभा होतो. मामी म्हणते, तुमचे डोळे भरून आले होते. मी म्हणतो, धूर होता.

तीन पावसाळे थांब असं मी तुला सांगितलं होतं. एकच झाला आहे, पण माझं थांबणं संपलं. चीर पडली आणि ते दारात येऊन चूक आमची म्हणाले, त्याच दिवशी संपलं होतं, फक्त कबूल करायला वेळ लागला. तू गाडी घेऊ नकोस म्हटलं तेव्हा ऐकलं नाहीस, चालवू नकोस म्हटलं तेव्हा चार दिवस उशिरा का होईना ऐकलंस. माझ्यावर दोन्हीचे उपकार आहेत.

काल समोरच्या बंगल्यातले गृहस्थ आले होते. त्यांची सून श्रीगोंद्याच्या बाजूला आरोग्यसेविका आहे, तिलाही असेच रस्ते. त्यांनी चिठ्ठीवर लिहून विचारलं, शिकरा घ्यावी का? मामी माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्याच पेनाने खाली लिहिलं, घ्या. आणि सही केली.

राहीला आशीर्वाद, तुझ्या वडिलांना नमस्कार. म्हाताऱ्यावर लोभ ठेव, आणि खडू संपला असेल तर कळव.

तुझा,
हनुमंतमामा