डावी बाजू वाढेपर्यंत

४ फेब्रुवारी, मंगळवार

अजून ऑपरेशन नाहीच! गेल्या महिन्यात जांघेतून नळी घालून गाठीत औषध सोडलं. आज लिव्हरच्या उजव्या बाजूला रक्त नेणारी शीर बंद केली. म्हणे, त्यामुळे डावी बाजू वाढेल. ती पुरेशी वाढली की मग गाठीसकट उजवी काढणार. कापायचंय तर कापून मोकळे व्हा ना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलेल्या बाजूवर तुमचं भागलं पाहिजे. पटतं. मीही नवं कापड भिजवून, आटू देऊन मगच कात्री लावते. पण ते कापड मी नसते!

९ फेब्रुवारी, रविवार

नेवाशाला घरी आलो. भेटायला येणाऱ्यांची रीघ. लिव्हर म्हटलं की लोक आधी यांच्याकडे बघतात, मग माझ्याकडे — ही पिते की काय? सहादेवभाऊजींनी तर विचारलंच, "वहिनी, तसलं काही नव्हतं ना?" जन्मभर मशीनवर बसून गावाचे ब्लाउज शिवले, दारू प्यायला वेळ कुठला!

आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक काविळीचा पाला देणारा असतोच. पाला वाटून ताकातून द्यायचा, रोग्याला सांगायचं नाही — सांगितलं की गुण जातो. डॉक्टरीणबाईंनी पाला, मुळी, भुकटी सगळ्याला सक्त मनाई केलीय. मी एकेकाला दारातच सुनावलं. हेही माझ्या बाजूने बोलले. बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

औषधांनी तोंडाची चव पार गेलीय. ताकसुद्धा कडू लागतं.

४ मार्च, मंगळवार

नगरला स्कॅन झाला. डावी बाजू वाढलीय! आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडलाय. अशात कापता येणार नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू म्हणाल्या. तोवर गाठ माझ्यासाठी थांबणार आहे का?

वर मलाच विचारतात, झाडपाला घेताय का? भडकलेच मी. आम्हाला अडाणी समजता का, म्हटलं. हे खाली मान घालून बसले होते. माझ्या आवाजाची लाज वाटली असेल.

५ मार्च, बुधवार

सापडलं! सासूबाईंच्या पिशवीत ओला पाला. मिक्सरच्या भांड्यालाही तोच वास. घर डोक्यावर घेतलं मी. माझ्या जिवावर उठलात, म्हटलं. इतके दिवस त्या डॉक्टरणीला शिव्या घालत होते, आणि वैरी माझ्याच घरात!

सासूबाईंनी एकदा यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "व्हय, मीच देत हुते. गोरक्षला काय ठावं न्हाई."

चोरी पकडली तरी पुळका लेकाचाच! दुपारच्या एसटीने श्रीरामपूरला धाकट्या दिरांकडे धाडलं. निघताना माझ्या पायांवर पांघरूण घालायला आल्या. मी पाय ओढून घेतले. हे स्टँडपर्यंतसुद्धा गेले नाहीत, खिडकीशी उभे राहिले. आईची बाजू घेतली नाही, एवढं तरी केलं.

७ मार्च

सासूबाईंचा फोन आला. उचलला नाही.

८ मार्च, शनिवार

सकाळी यांनी ताक आणून दिलं. पहिलाच घोट कडू.

घरात आता आम्ही दोघंच आहोत.