खाली बघायची चाचणी

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. प्रयोगशाळेत उंदरांची नवी तुकडी आली. काहींना आईबापांकडूनच आजार मिळालाय: कोलेस्टेरॉल पेशींत साचत जातं, बाहेर पडत नाही. मग तोल जातो. आजारी कोण, ते मला सांगायचं नाही, ही अट माझीच. मोजणाऱ्याला आधी माहीत असलं की त्याला हवं तेच दिसतं.
घरचा जिना उतरताना शेवटच्या पायरीवर अडखळलो. बल्ब बदलायला हवा.

९ मार्च
धाकटा भाऊ जेवायला आला. शाळेची बस चालवतो. हल्ली जीभ जड. बायकोनं काहीतरी विनोद केला, तर हसता हसता मटकन खालीच बसला. ती म्हणाली, भावोजी, एवढा काही चांगला नव्हता हो. मला हसू आलं नाही. पितो. मुद्दाम जवळ जाऊन हुंगलं. वास येत नाही. म्हणजे व्होडका.

१४ मार्च
जिना उतरताना भिंत धरतो. विचारलं तर म्हणे, शपथ दादा, थेंब नाही घेतला, पायऱ्याच दिसत नाहीत, मान वाकवावी लागते. सबब तरी धड शोधावी.

१६ मार्च
बसमालकांना फोन केला. पोरांच्या जिवाचा प्रश्न. निनावी फोन भ्याडपणाचा, म्हणून नाव सांगून केला. मन स्वच्छ आहे. झोप लागली नाही ती कॉफीमुळे.

२२ मार्च
त्याची नोकरी गेली. तो बोलत नाही, बायकोही बोलत नाही. त्याला महिन्याभरात माणसात आणायचं. हा संकल्प.

६ एप्रिल
उंदरांना फिरत्या दांड्यावर चढवलं. एक तर मागचे पाय फाकवून झुलत होता, सारखा पडत होता. बायकोनं माझा विसरलेला डबा भावाबरोबर पाठवला होता. दारातून बघत राहिला. मग म्हणाला, दादा, हासुद्धा पितो का रे?
पुढचे आकडे घेता आले नाहीत.

७ एप्रिल
त्याला समोर बसवलं. मान हलवायची नाही म्हटलं आणि पेन डोळ्यांसमोरून खाली नेलं. डोळे मध्येच अडकले. माणसांत या आजाराची हीच खूण. मीच शिकवतो वर्गात.

१९ एप्रिल
भावाचा रिपोर्ट आला. तोच आजार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सख्ख्या भावालाही असू शकतो, तुम्ही तपासून घ्या. म्हटलं, छे, मी ठणठणीत.
संध्याकाळी घरचा जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पुन्हा अडखळलो. बल्ब मागच्याच महिन्यात बदललाय.

२० एप्रिल
आरशासमोर उभा राहिलो. खाली बघताना स्वतःचे डोळे दिसत नाहीत, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. दुसरा माणूस लागतो. बायकोला घाबरवायचं नव्हतं. भावाला बोलावलं. आला बिचारा. त्यानं पेन धरलं, खाली नेलं. हनुवटीच्या जरा वरच ते दिसेनासं झालं. त्याचा हात थरथरतो, म्हणून असेल.
त्यानं पेन पुन्हा एकदा वरून खाली नेलं. मग पेन माझ्या खिशात अडकवत म्हणाला, एकदम ओके, दादा. आणि जिना उतरताना मला हात दिला. त्यानं मला.
नोंद: चाचणी नॉर्मल. मोजणारा विश्वासू.