ओ आली नाही

आये,

बेळगावच्या डॉक्टरीणबाई पोरीला जे औषध देतात ते काही महाग नाही. महाग पडतं ते आणणं. सकाळची पहिली बस धरायची, रामनगरला उतरून दुसरी गाठायची. गिरण दिवसभर बंद, भाताची पोती घेऊन आलेली माणसं ओट्यावर बसून मला शिव्या देणार. सुनेचं काम बुडतं, पोरीची शाळा बुडते. आणि सगळ्यात मोठा खर्च असा की वाटभर पोर खिडकीबाहेर बघत असते आणि मी पोरीकडे. ज्या जंगलात तू मला वाढवलंस ते बसमधून मी वर्षभरात एकदाही पाहिलेलं नाही. ती झाडाकडे टक लावून बसली आहे की कशाकडेच नाही, तेवढंच बघत असतो. पोर म्हणजे माझी नात. तुझी पणती, तू पाहिली नाहीस ती. आठ वर्षांची आहे. बाप गोव्यात ट्रक चालवतो, म्हणून ती आणि सून माझ्यापाशी.

तू गेलीस तेव्हा मी कंत्राटदाराकडे बांबू तोडत होतो. आता कुंभारवाड्यात माझी स्वतःची भाताची गिरण आहे, आणि ती मी पैशावर नाही, कानावर उभी केली. पट्टा सैल झाला की मी रस्त्याच्या वळणावरून सांगतो. तांदूळ तुटायला लागला की बाकीच्यांना तो सुपात दिसतो, मला आधी आवाजात कळतो. चहाच्या दुकानात कुणी माझ्याविषयी कुजबुजलं तर मी पलीकडून उत्तर देतो. लोक म्हणतात, ह्याच्यापुढे मनातसुद्धा बोलू नका. हे कान तूच घडवलेस. शिकेकाई गोळा करायला रानात जाताना ओळीनं चालायचं, पुढच्यानं हाक द्यायची, मागच्यानं ओ द्यायची. ओ आली म्हणजे माणूस आहे. नाही आली म्हणजे अस्वल, गवा, साप, काहीही. एकदा मी शेकरू बघत उभा राहिलो. अजून तिथंच उभा आहे असं वाटतं. ते फांदीवर शेपूट सोडून बसलंय, तू हाका मारतेस, त्या माझ्यापर्यंत पोचतात आणि मी ओ देत नाही. मग कोयता घेऊन तू झाडीतून धावत येतेस, माझ्या कानाखाली एक ठेवून देतेस आणि तिथंच खाली बसतेस. म्हणालीस, “मेलास तरी ओ दिऊन मर.” मला तेव्हा मार लागला, भीती दिसली नाही. आता दिसते.

गेल्या सुगीत अंगणात भात वाळत घातलं होतं. पोर त्यातून पाय ओढत रेघा काढत होती, आणि एकदम पडली. ताठ झाली, मग थडथडा उडायला लागली. नाकाला कांदा लावा म्हणणारे भेटले, देवाला कौल लावा म्हणणारेही भेटले. मी सगळ्यांना मान डोलावली आणि बेळगाव गाठलं. डॉक्टरीणबाईंनी अपस्मार म्हणून सांगितलं. औषधानं ते पडणं थांबलं. पण पोर कशावर टिकेना. पाण्याचा तांब्या आणायला गेली की वाटेत मुंग्यांची रांग बघत बसते, तांब्या विहिरीवर. गणिताच्या दोन ओळी झाल्या की तिसरी दुसऱ्याच पानावर. शाळेतल्या बाईंनी विचारलं, हिला ऐकायला कमी येतं का? मी हसलो. म्हटलं, बाई, आमच्या घराण्याचे कान बघायचे असतील तर गिरणीत या.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कधीकधी झटका लहान असतो. अंग हलत नाही, डोळे उघडे, पण पोर क्षणभर जागेवर नसते. हाक मारली, हात लावला आणि भानावर आली तर लक्ष उडालं होतं. नाही आली तर झटका. त्यांनी एवढं सांगितलं आणि मला वाटलं, हे तर आपलंच काम. ओ घ्यायची! त्या दिवसापासून मी गिरणीतून हाका मारायला लागलो. ओ आली की हायसं. नाही आली की परत हाक. महिनाभर दिवसाआड एखाद्या तरी हाकेला ओ यायची नाही. मी रात्री जेवायचं सोडलं, कुणाला काही बोललो नाही.

मागच्या खेपेला हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, एवढे झटके असतील तर औषध वाढवावं लागेल, आणि त्यानं ती सुस्तावेल, शाळेत आणखी मागं पडेल. “तुम्ही नीट ऐकता ना?” असं विचारल्यावर मी माझ्या कानांचं पुराण सुरू केलं. पोर त्यांच्या टेबलावरच्या पेनाचं टोपण काढघाल करत होती. मान वर न करता म्हणाली, “मी दिली की ओ, आज्जा. दोन-दोनदा दिली.”

मी सुनेकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, “व्हय मामा. देत्या ती. मला चुलीपाशी ऐकू येतंय. तुमी परत हाक मारता, ती परत ओ देत्या. गणित तिथंच ऱ्हातंय.”

“मग सांगितलं न्हाईस?”

“कानाचं तुमाला कोण सांगणार?”

डॉक्टरीणबाई उठून माझ्या पाठीमागे आल्या. डाव्या बाजूला हळू काही बोलल्या, ते मी म्हणून दाखवलं. उजव्या बाजूला त्या कधी सुरुवात करतात याची मी वाट बघत राहिलो. पोर खुदकन हसली तेव्हा कळलं की त्यांचं बोलून झालं होतं. गिरणीचं इंजिन माझ्या उजव्या हाताला असतं, आये.

औषध तेवढंच ठेवलं. डोक्याला वायरी लावून तपासायचं ठरलं, तारीख अजून यायची आहे. आणि हाका बंद. त्या म्हणाल्या, हा आळस नाही, हट्ट नाही. अशा पुष्कळ पोरांचं लक्ष टिकत नाही, त्याच दुखण्याच्या सोबतीनं येतं ते. ती जेवढं लक्ष गोळा करते तेवढं तुमची हाक सांडून टाकते. शेजारी बसा, डोळ्यांनी बघा, शंका आली तर दंडाला हात लावा.

आता बसलोय शेजारी. गिरण बंद आहे, ती गणित करते, मी हे लिहितो. पेन्सिल थांबली की माझीही थांबते. त्या महिन्यात ज्या ओ आल्या नाहीत त्यातल्या किती माझ्या कानानं खाल्ल्या आणि किती वेळा पोर खरंच जागेवर नव्हती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. हेच मला झोपू देत नाही. आत्ता ती भिंतीकडे बघते आहे. मी दंडाला हात लावतो. “काय आज्जा?” म्हणते, परत वहीत बघते. हाक गळ्यापर्यंत येते, मी गिळतो. तू असतीस तर मला हे जमू दिलं नसतंस.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायला धीर झाला. गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. काल गिरणीचा पट्टा सैल होऊन तुटायला आला होता. ते मला सुनेनं सांगितलं.